टोप्यांची सभा

राधानगरी,
१० जून १९८५

शहाजादी,

तुला आणि मीरासाबला आशीर्वाद. मी इकडे येऊन दोन महिने होत आले. गल्लीतून एक कार्ड आलं नाही, तेव्हा रुसून बसण्यापेक्षा आपणच लिहावं म्हटलं. लेकीच्या घरी माझं उत्तम चाललं आहे. ती शाळेत, जावई धरणाच्या ऑफिसात, आणि दिवसभर घरी मी आणि म्हैस. तालमीच्या सगळ्या गोष्टी मी तिला सांगून संपवल्या. ती मुकाट्यानं ऐकते, उलट बोलत नाही, त्यामुळे तुझी फार आठवण येते.

येत्या रविवारी तालमीची वार्षिक सभा. तीस वर्षं मी चिटणिशी केली आणि यंदा मी नाही, हे मनाला लागतं. बाळासो अध्यक्ष झाला आहे. पोरगा हुशार आहे, सांभाळून नेईल. यंदा सप्टेंबरात गणपती आणि मोहरमचे पंजे एकाच वेळी येतात. दोन्ही तालमीमागच्या पटांगणात बसवायचे, तर मांडवाचं आतापासून ठरवायला हवं. ते सभेत निघेलच.

मीरासाब कामावर असला तर त्याची टोपी पाठवायला विसरू नकोस. तुझ्या बापानं पाडलेली रीत आहे ती. तू तेव्हा पाळण्यात होतीस. कुतुबुद्दीनला मिलची दुसरी पाळी लागली होती आणि सभेत तुमच्या घराशेजारच्या गटारीचा विषय होता. 'मी आलो न्हाय म्हणून माझं घर इसरू नका' असा निरोप देऊन त्यानं आपली टोपी तुझ्या आईच्या हाती पाठवली. मी ती जाजमावर त्याच्या जागी ठेवली आणि हजेरीत त्याचं नाव पुकारलं. तेव्हापासून ज्याला येता येत नाही त्याची टोपी येते आणि तो हजर धरला जातो. सबंध कोल्हापुरात असं दुसरीकडे कुठे नाही. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

सभेत काय झालं ते सविस्तर कळव.

तुझा,
आण्णा

*

तालीम बोळ, कोल्हापूर,
२४ जून १९८५

आण्णा,

सलाम. कार्ड टाकलं नाही ही चूक कबूल. पण म्हशीशी बरोबरी केलीत, तेव्हा आता फिटंफाट झाली.

सभा झाली. बातमी चांगली नाही, म्हणून आठवडाभर पत्र लिहायचं टाळत होते. मागचं पटांगण भाड्यानं द्यायचं ठरलं आहे. तीस वर्षांच्या करारावर. टीव्ही, मिक्सर, फ्रिज हप्त्यांवर विकणारा एक दुकानदार तिथं मोठं शोरूम बांधणार. त्या भाड्यातून तालमीचं गळकं छप्पर नवं होईल, असं बाळासोचं म्हणणं.

मी तिथं नव्हते. बयाबाईनं खिडकीतून पाहिलं ते सांगते. जाजमावर माणसं सहा आणि टोप्या तीसेक. बाळासोनं ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाचा इरोध हाय का?" माणसं गप्प. टोप्या तर गप्पच असतात. मग तो म्हणाला, "इरोध न्हाय म्हंजे समद्यांची संमती." आणि टोप्या धरून मोजदाद झाली. पाचच मिनिटांत सगळे उठले.

सगळ्या टोप्या कामावरच्या माणसांच्या होत्या असंही नाही. आमच्या शेजारचा ज्ञानू घरात होता. रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा असतो. त्यानं टोपी पाठवली आणि सिनेमा बघत बसला. आता खरं सांगते, मीही त्याच्याच घरात बसून तो सिनेमा बघत होते. मला फार लाज वाटली. हल्लीची पोरं टोपी घालत नाहीत हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण सभेला पाठवायला म्हणून प्रत्येकानं एकेक घेऊन ठेवली आहे. डोक्यावर एकदाही न चढलेल्या टोप्या, घडीसुद्धा मोडलेली नाही.

मीरासाब फौंड्रीत होते. सकाळी अंधारात जातात आणि माझी भांडी घासून झाली की येतात. रोजची पाळी, वर जादा काम, सुट्टीच्या सोमवारीसुद्धा जादा काम. आधी मिक्सरचे हप्ते, आता फ्रिजचे. पैसे पुरे भरले की फ्रिज दिवाळीला येईल.

मांडव कुठं घालायचा, हे कुणी विचारलंच नाही.

तुमची,
शहाजादी

*

राधानगरी,
२९ जून १९८५

शहाजादी,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. लेक विचारते, आण्णा काय झालं. काय सांगू तिला? त्या पटांगणात मी मातीत लोळून मोठा झालो, तुझं लग्न तिथं लागलं, माझ्या बायकोला स्मशानात न्यायच्या आधी तिथंच ठेवली होती. ते सहा माणसांनी पाच मिनिटांत देऊन टाकलं.

टोपीला दोष देऊ नकोस. टोपी इमानी माणसांसाठी होती. आम्ही आठ-आठ तास मागावर उभे राहायचो, भोंगा झाला की हातपाय धुऊन थेट तालमीत. आम्हाला काय थकवा नव्हता? पण आम्हाला घरी डबडं बघत बसायची चटक नव्हती. माणसांना आता वस्तू हवी, आणि वस्तूसाठी रात्रंदिवस राबायची तयारी आहे. गल्लीसाठी मात्र घटकाभर सवड नाही. हे तुझ्या मिक्सरलाही लागू आहे, राग आला तर येऊ दे.

अजून एक वाट आहे. असा ठराव पुढच्या सभेत कायम करावा लागतो. तोवर करारावर सही होत नाही. बाळासोला माझं नाव सांगून विचार. आणि मीरासाबला म्हणावं, या वेळी टोपी नको, स्वतः जा आणि ठणकावून 'नाही' म्हण. कुतुबुद्दीनचा जावई आहे. तो कुरुंदवाडहून येऊन सासऱ्याच्या घरात राहिला तेव्हा तालमीनंच त्याला सभासद करून घेतलं, हे तो विसरला नसेल.

आण्णा

*

तालीम बोळ, कोल्हापूर,
१५ जुलै १९८५

आण्णा,

राग आला. पण तुमच्यावर फार वेळ रागावता येत नाही, म्हणून दोन दिवस थांबून लिहिते आहे.

तुम्ही आठ तास म्हणालात. यांचे बारा होतात, कधी चौदा. वितळलेलं लोखंड ओतायचं काम. घरी आल्यावर माणूस भाकरीचा तुकडा मोडून हातात धरतो आणि तसाच झोपतो. परवा मी हातातला तुकडा काढून घेतला तरी जाग नाही. हे टीव्ही बघून थकत नाहीत, आण्णा. यांना तोसुद्धा बघायला मिळत नाही.

मिक्सरचंही ऐका. माझी आई वरवंटा ओढून ओढून खांद्यानं अधू झाली. तुमच्या सभा चालायच्या तेव्हा ती काय करत होती, आठवतं का? तुमच्या घरचं आणि आमचं, दोन्ही घरचं वाटण. आज माझं वाटण चुटकीसरशी होतं आणि संध्याकाळी मी मोकळी असते. त्या वेळात मी सिनेमा बघते की सभेला जाते, हा माझा प्रश्न. मिक्सरला बोलू नका.

बाळासोला भेटले. तो खोटा माणूस नाही. म्हणाला, "वैनी, मला काय हौस हाय व्हय? छप्पर गळतंय. वर्गणी मागायला गेलो की दाराला कुलूप, न्हायतर माणूस झोपल्यालं. येकट्यानं किती वडायचं? टोप्या येत्यात म्हणून सभा तरी हुती." मला त्याची दया आली. ठराव कायम करायची सभा चार ऑगस्टला आहे, रविवारी.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. मीरासाबना मी तुमचा निरोप सांगितला. ते म्हणाले, "दिऊ दे की पटांगण. दुकान झालं तर गल्लीत उजेड हुईल, भाडं यील, पोरांस्नी काम मिळंल. मला त्या पटांगणाचा काय उपेग? उजेडात बघून दोन वर्सं झाली." ते ठरावाच्या बाजूचे आहेत, आण्णा. तुम्ही धरून चालला होतात तसं नाही. आणि रविवारी त्यांना सुट्टीही नाही.

मग मी ठरवलं आहे की टोपी घेऊन मीच जाईन. टोपी ठेवून परत यायचं असं कुठं लिहिलंय का?

शहाजादी

*

राधानगरी,
२२ जुलै १९८५

शहाजादी,

लिहिलेलं कुठेच नाही. बायकांनी सभेत बसायची पद्धत नव्हती इतकंच. पद्धत नव्हती म्हणजे आम्ही कधी विचारलं नाही, हेही खरं.

वरवंट्याचं वाचून तुझ्या आईचा चेहरा समोर आला.

मीरासाबनं असं म्हणावं याचं मला वाईट वाटलं. तू जा. पण घरात भांडण नको.

आण्णा

*

तालीम बोळ, कोल्हापूर,
६ ऑगस्ट १९८५

आण्णा,

सभा झाली आणि ठराव कायम झालेला नाही. आधी हे वाचून घ्या आणि पाणी प्या, मग पुढचं.

मी बयाबाईला सांगितलं, बयाबाईनं चिमणाबाईला, आणि संध्याकाळी आम्ही वीसेकजणी आपापल्या घरच्या टोप्या घेऊन गेलो. ज्ञानूच्या बायकोनं टीव्ही बंद केला. ज्ञानू म्हणाला, "सिनेमा अर्धा हाय," तर ती म्हणाली, "मग तुमी या, मी बगते." तो आला नाही आणि तिनंही टीव्ही पुन्हा लावला नाही. आम्ही टोप्या जाजमावर ठेवल्या आणि जी ती आपल्या टोपीशेजारी बसली.

बाळासो म्हणाला, "वैनी, टोप्या ठिवून जावा की."

मी म्हटलं, "टोपी बसली तर चालती आणि टोपी धुणारी बसली तर चालत न्हाय व्हय?"

जुनी माणसं हसली. बाळासोही हसला, पण लगेच अडचणीत पडला. ठराव मांडला तेव्हा चिमणाबाई मोठ्यानं 'न्हाय' म्हणाली. बाळासो म्हणाला, सभासद तुमचे मालक, त्यांचा निरोप काय? तिला सांगता येईना. कुणालाच सांगता येईना. कुणाच्याच नवऱ्यानं निरोप दिला नव्हता, नुसती टोपी दिली होती. तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की गेल्या सभेलाही असंच झालं होतं.

शेवटी मीच म्हटलं, सभा रविवारी का? मिलची सुट्टी रविवारी असायची म्हणून. आता मिलमध्ये गल्लीतली दोन माणसं उरली. फौंड्रीवाल्यांची सुट्टी सोमवारी. सोमवारी सभा घ्या, आणि एक सोमवार जादा कामाला जाऊ नका म्हणून घरोघर आम्ही सांगतो. टोप्या नकोत. घरटी एक हात. बाळासोला एकदम पटलं. १९ ऑगस्ट, दुपारी.

टोप्या गेल्या, आण्णा. तुम्हाला वाईट वाटेल, मलाही वाटलं. अब्बांची आठवण होती ती.

आता माझी अडचण. घरटी एकच हात आणि मीरासाब ठरावाच्या बाजूनं. मला पटांगण हवंय. घर म्हणजे आमची एक खोली, त्यात आता फ्रिज येणार. त्यांना सोमवारी कामाला जाऊ दिलं तर आमच्या घरचा हात माझा होईल. ते जायला तयारही आहेत. मी काही न बोलता त्यांचा डबा भरला की झालं. सांगा, काय करू?

शहाजादी

*

राधानगरी,
१० ऑगस्ट १९८५

शहाजादी,

पाणी प्यालो. टोप्यांचं वाचून थोडा वेळ गोठ्यात जाऊन बसलो होतो. आता ठीक आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. तुझ्याइतकंच मलाही ते पटांगण हवं आहे, कदाचित जास्त. तरी डबा भरू नकोस. तो झोपेत असताना त्याचा हात तू वर केलास तर बाळासोनं टोप्या मोजल्या त्यात आणि यात फरक काय राहिला? त्याला घेऊन जा. तो 'हो' म्हणाला तर म्हणू दे. तुला जे म्हणायचं ते सभेत उभं राहून बोल. बोलायला सभासद असावं लागत नाही.

मी येणार नाही. मला आता तिथं हात नाही, आणि गप्प बसणं मला जमायचं नाही. त्या दिवशी दुपारी मात्र घड्याळ बघत बसेन.

आण्णा

*

तालीम बोळ, कोल्हापूर,
२२ ऑगस्ट १९८५

आण्णास मीरासाबचा सलाम.

शहाजादी म्हणाली मी लिवते, म्या म्हणलं ह्या येळंला मी लिवतो. मला पत्र लिवायची सवं न्हाय. बोलतो तसं लिवतोय, समजून घ्या.

सोमवारी सभंला गेलतो. सकाळी मुकादम बोलवायला आलता, त्याला म्हणलं आज न्हाय. तो बगतच ऱ्हायला. तालमीत गल्ली सारी जमल्याली. पण आण्णा, काय सांगू, निम्मी माणसं भिताडाला टेकून डुलत हुती. मीबी. किती दिसांनी दुपारी बसाय मिळालतं. बायकांनी च्या करून आणला आन् येकेकाला हलवून जागं केलं, मग सभा सुरू झाली.

बाळासोनं छपराचं सांगितलं. म्या उठून म्हणलं, पटांगण द्या, गल्लीचं भलं हुईल. चार जणांनी व्हय म्हणलं. मग शहाजादी उठली. म्हणाली, "माज्या मालकांचा हात त्यांचा हाय, तो कुठं जाईल ते सगळ्यांस्नी ठावं हाय. मी बोलते ते माजं." माजी कानशिलं तापली. समद्या गल्लीम्होरं बायको इरोधात बोलती म्हणल्यावर काय वाटंल, तुमीच सांगा. ती म्हणाली, "त्या दुकानातनं फ्रिज आणायचा, कपाट आणायचं, आन् ठिवायचं कुठं? घरात. घरात वस्तू बसली की माणूस भाईर बसतंय. ते भाईर म्हंजे पटांगण. तेबी दिलं तर मग बसायचं कुठं?" सगळी हसली. मीबी हसलो असतो, पण रागात हुतो.

मग ज्ञानू बोलला, बयाबाई बोलली, दोन म्हाताऱ्यांचं जुन्या गटारीवरनं भांडण लागलं. येकजण म्हणाला मांडव कुठं घालणार, गणपती आन् पंजे काय शोरूममंदी बसवायचे? लई गलका झाला. येकबी माणूस डुलत नव्हता. हात वर झाले. माजा हात ठरावाच्या बाजूनं गेला. आमी हरलो. पटांगण ऱ्हायलं. तुमी खूश असाल.

मी खूश न्हवतो. जूनच्या सभंत माजी बाजू जिकली, पण मला ते दुसऱ्या दिशी भाकरी खाताना कळलं. ह्या येळंला सगळ्यांच्या डोळ्यांम्होरं हरलो. घरी येऊन शहाजादीशी बोललो न्हाय, दुसऱ्या दिशीबी न्हाय. काल बोललो. तीबी वाट बगत हुती.

फुडचं सांगायसाठी पत्र लिवतोय. हात मोजून झाल्यावर बाळासो म्हणाला, भाडं न्हाय तर छपराची कौलं आपणच परतायची, पाऊस उगडला की सोमवारचं. कोण कोण येणार? लोक खाली बगाय लागले. सोमवार सोडायचा म्हंजे जादा काम सुटतंय, फ्रिज लांबतोय. मग त्यानं सगळ्यांम्होरं माज्याकडं बगून इचारलं, "मीरासाबभाई, तुमी ठरावाच्या बाजूनं हुता. तरी याल का?"

बारा वर्सं झाली मला ह्या गल्लीत येऊन. सासऱ्याच्या घरातला जावई म्हणून ऱ्हायलो. आजवर कोण दारात आलं तर माजी टोपी न्याय यायचं. मला कुणी कायबी इचारलं न्हवतं.

येतो म्हणालो.

मीरासाब